ठिपक्या: एका नावाची तीन हजार वर्षं

इन्स्टाग्रामवर दर काही महिन्यांनी एक मीम फिरून येतं. ग्रीक पाताळाचा राजा हेडीस, मृतांचा स्वामी. त्याच्या दारात अनेक डोक्यांचा राक्षसी कुत्रा, सर्बेरस. आणि खाली ओळ असते की सर्बेरस या नावाचा मूळ अर्थ ‘ठिपकेवाला’. म्हणजे ज्याच्या नुसत्या नावाने लोक थरथरत, त्या देवाने आपल्या कुत्र्याचं नाव ठेवलं होतं स्पॉट. आपल्या भाषेत, ठिपक्या.

मीम मजेदार आहे आणि त्यात एक अर्धसत्य आहे. त्यातला खरा अर्धा भाग ग्रीसमध्ये सापडत नाही, तो आपल्याकडे सापडतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पंडितांना संस्कृतचं वेड लागलं होतं. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या बहिणी आहेत हे नुकतंच कळलेलं. मग प्रत्येक ग्रीक देवाचा वैदिक भाऊ शोधायचा, असा उद्योग सुरू झाला. अल्ब्रेख्त वेबर या जर्मन अभ्यासकाने सर्बेरसची गाठ ‘शबल’ या शब्दाशी घातली. शबल म्हणजे अनेक रंगांचा, ठिपक्यांचा, चट्ट्यापट्ट्यांचा. याच अर्थाचे ‘कर्बर’, ‘कर्बुर’ असे शब्दही संस्कृतात आहेत आणि ते तर ग्रीक ‘केर्बेरोस’च्या आणखी जवळचे वाटतात. १९०५ साली अमेरिकेतले अथर्ववेदाचे अभ्यासक मॉरिस ब्लूमफील्ड यांनी सर्बेरसवर एक छोटं पुस्तकच लिहिलं आणि ही जोडी जगभर पोचवली.

पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी मात्र मान डोलावली नाही. या शब्दांमधले ध्वनी ठरलेल्या नियमांनी एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय ग्रीक कवी सर्बेरसची ओळख ठिपक्यांवरून करून देत नाहीत. हेसिअडने त्याला ५० डोकी दिली, पितळी आवाज दिला, ठिपके दिले नाहीत. त्यामुळे हेडीसचा ठिपक्या हा बहुतेक पंडितांच्या उत्साहातून जन्मलेला कुत्रा.

पण ज्याच्याशी त्याची तुलना झाली तो शबल तर खराच आहे. तो यमाचा कुत्रा.

विशेषणाचं नाव होतं तेव्हा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौदावं सूक्त यमाचं आहे. मेलेल्या माणसाला त्यात वाट सांगितली आहे: पूर्वज गेले त्या वाटेने जा, आणि वाटेत दोन कुत्रे भेटतील त्यांच्या बाजूने नीट निघून जा. हे कुत्रे सरमेची पोरं. सरमा म्हणजे इंद्राची कुत्री, जिने पणींनी पळवून लपवलेल्या गायी हुडकून काढल्या. तिची पोरं म्हणून ते ‘सारमेय’. त्यांचं वर्णन असं आहे: रुंद नाकाचे, चार डोळ्यांचे आणि शबल.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ऋग्वेदात ‘शबल’ हा शब्द द्विवचनात येतो. म्हणजे दोन्ही कुत्रे शबल आहेत. तो त्यांचा रंग आहे, कुणा एकाचं नाव नाही. अथर्ववेदात आलो की चित्र बदलतं. तिथे यमाच्या वाटेचे हे दोन राखणदार वेगवेगळ्या नावांनी येतात. एक श्याम आणि एक शबल. एक काळा, एक कबरा.

घरात दोन पिल्लं आली की हेच घडतं. पहिले दोन दिवस ती नुसती ‘पिल्लं’ असतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, दूध कुणी सांडलं? काळ्याने की ठिपक्याने? प्रश्न विचारण्यासाठी फरक लागतो, फरक अंगावर दिसतोच, आणि मग विशेषणाचं विशेषनाम होतं. वेदकाळातल्या ऋषींच्या अंगणात याहून वेगळं काही घडत असेल असं मानायचं कारण नाही.

नाव मिळालं की गोष्टीही चिकटायला लागतात. कौषीतकी ब्राह्मणात सांगितलं आहे की शबल म्हणजे दिवस आणि श्याम म्हणजे रात्र. यमाचे दोन कुत्रे आळीपाळीने आपल्या मागे धावत असतात, हे मृत्यूचं चांगलंच बोचरं वर्णन आहे. पण त्यातली रंगाची समजही बघा. रात्रीला एकच रंग. दिवसाला मात्र सगळे, म्हणून तो कबरा. छांदोग्य उपनिषदाच्या शेवटाकडे श्यामाकडून शबलाकडे आणि शबलाकडून श्यामाकडे जाण्याची भाषा येते, तिथे हीच जोडी ध्यानाचा विषय झालेली आहे. वाल्मीकी रामायणात वसिष्ठांची कामधेनू आहे, विश्वामित्राने जिच्यासाठी एवढं रामायण केलं ती. तिचंही नाव शबला. म्हणजे कबरी गाय. इच्छा पुरवणारी गाय आणि यमाचा कुत्रा यांचं नाव एकच असण्यात जुन्या लोकांना काही वावगं वाटलं नाही. गोठ्यात आणि अंगणात रंगावरूनच हाक मारायची असते.

चार डोळ्यांचा कुत्रा

यमाच्या कुत्र्यांना चार डोळे का? याचं उत्तर शेजारच्या परंपरेत मिळतं. पारशांच्या अवेस्तातला ‘वेंदिदाद’ हा ग्रंथ सांगतो की मृतदेह नेलेल्या वाटेवरून चार डोळ्यांचा पिवळा कुत्रा किंवा पिवळ्या कानांचा पांढरा कुत्रा फिरवावा, म्हणजे ती वाट शुद्ध होते. चार डोळ्यांचा कुत्रा म्हणजे ज्याच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक ठिपका आहे असा, असा अर्थ पारशी परंपरेने लावला. काळ्या-तांबूस कुत्र्यांच्या भुवयांच्या जागी असे ठिपके असतात. तो झोपला तरी जागा वाटतो. राखणदाराला याहून चांगली खूण कुठली?

मृतदेहाला कुत्र्याची नजर पडू देण्याच्या पारशी विधीला ‘सगदीद’ म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे पाहणं. वैदिक आणि अवेस्ती या दोन भावंडांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या, एकमेकांच्या देवांना राक्षस ठरवलं, पण मेल्यावर वाटेत कबरा कुत्रा भेटतो ही आठवण दोघांनी जपली.

आपल्याकडे ती आठवण आजही ताटात वाढली जाते. पितृपक्षात कावळ्याचा घास आपल्या लक्षात असतो, कारण तो आला नाही की सगळे पत्रावळीकडे बघत ताटकळतात. पण गायीचा घास असतो तसा कुत्र्याचाही असतो, श्वानबली. तो देताना म्हणायच्या श्लोकात श्याम आणि शबल या दोघांची नावं घेतली जातात, यमाच्या घरचे म्हणून. पुढ्यात येणारा कुत्रा गल्लीतला कुणीही असला तरी त्याला तेवढ्यापुरतं तीन हजार वर्षं जुनं नाव मिळतं.

नाव घेणं म्हणजे ओळख दाखवणं, आणि ओळख दाखवली की समोरचा चावत नाही, हा विचार पारस्कर गृह्यसूत्रात आणखी स्पष्ट आहे. लहान मुलाला कुत्र्याच्या रूपातल्या ग्रहाने धरलं अशी समजूत झाली की त्या ग्रहाला उद्देशून काही म्हणायचं असे. काय? तर तुझी आई सरमा, तुझा बाप सीसर, श्याम आणि शबल तुझे भाऊ. आता सोड याला. अख्खं खानदान नावानिशी सांगायचं. गावात भांडायला आलेल्या पोराला एखादी आजी ‘अरे तू अमक्याचा ना?’ म्हणून गार करते, तीच युक्ती.

याच्या उलट टोकाला महाभारत आहे. ते सुरू होतं तेच एका मार खाल्लेल्या कुत्र्यापासून. जनमेजयाच्या सत्रात सरमेचं पोर येतं, हविर्द्रव्याला तोंडही न लावता राजाच्या भावांचा मार खातं आणि रडत आईकडे जातं. आई येऊन जाब विचारते, कुणी उत्तर देत नाही, आणि तिचा शाप लागतो. महाभारताच्या शेवटीही एक कुत्रा आहे, युधिष्ठिराच्या मागोमाग हिमालय चढणारा. पहिल्याची ओळख आईवरून. दुसऱ्याला नाव नाही. तरी त्याला सोडून मी स्वर्गात येणार नाही, असं युधिष्ठिर इंद्राला सांगतो.

ग्रीक शिकारी आणि रोमन शेतकरी

कुत्र्याचं नाव कसं असावं, यावर लेखी सल्ला देणारे जुने लोक दोन. दोघेही अनुभवी आणि दोघांचं रंगाच्या बाबतीत अजिबात जमत नाही.

पहिला झेनोफोन. सॉक्रेटिसचा शिष्य, सैनिक, लेखक, शिकारी. इसवी सनाच्या आधी चौथ्या शतकातल्या त्याच्या नावावरच्या शिकारीच्या पुस्तकात तो म्हणतो की शिकारी कुत्रा संपूर्ण तांबूस, संपूर्ण काळा किंवा संपूर्ण पांढरा नसावा. एकरंगी अंग हे त्याला चांगल्या पैदाशीचं नाही, रानटीपणाचं लक्षण वाटतं. नावं छोटी असावीत, हाक मारायला सोपी, असं सांगून तो ४७ नावांची यादीच देतो. त्यात आत्मा आहे, भाला आहे, पहारेकरी आहे, फूल आहे, तारुण्य आहे.

दुसरा कोलुमेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन, शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिणारा. त्याला शिकारीत रस नाही, राखणीत आहे. तो म्हणतो, कुत्रा एकाच रंगाचा निवडा. मेंढपाळाचा पांढरा, म्हणजे पहाटेच्या अर्धवट उजेडात लांडगा समजून त्यालाच मारलं जाणार नाही. वाड्यावरचा काळा, म्हणजे दिवसा चोराला तो भयंकर दिसेल आणि रात्री दिसणारच नाही. आणि अनेक रंगांचा? तो या दोन्ही कामांत प्रशंसनीय नाही.

एकाला कबरा कुत्रा खानदानी वाटतो, दुसऱ्याला बिनकामाचा. कुत्रा तोच. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावं ठेवणे’ यांत एका अनुस्वाराचा फरक आहे, आणि कबऱ्या कुत्र्याच्या वाट्याला दोन्ही गोष्टी पुष्कळ आल्या.

नावाच्या लांबीवर मात्र दोघांचं एकमत आहे. कोलुमेला नेमका नियम सांगतो: नाव फार लांब नको, म्हणजे हाक मारताच कुत्र्याला ऐकू जाईल, पण दोन अक्षरावयवांपेक्षा लहानही नको. आता मोठ्याने म्हणून बघा. मोत्या. वाघ्या. खंड्या. टिप्या. काळ्या. राजा. आपल्या एकाही पणजोबाने कोलुमेला वाचलेला नव्हता, पण शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत हाक पोचवायची तर पहिल्या अक्षरावर जोर आणि शेवटी लांबवता येईल असा ‘आ’ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. ‘वाघ्याऽऽऽ’ म्हणता येतं. ‘ब्रूनो’ हे नाव शहरात चालून जातं, कारण शहरात हाक फार तर हॉलमधून बाल्कनीपर्यंत जायची असते.

-या प्रत्ययाची माया

त्या शेवटच्या ‘-या’कडे जरा थांबून पाहायला हवं. मराठीत हा प्रत्यय एकाच वेळी तुच्छतेचा आणि जवळिकीचा आहे. रमेशचा रम्या होतो तो फक्त मित्रांत. ऑफिसात कुणी तसं म्हटलं तर भांडण होईल. कुत्र्यांची, बैलांची आणि जिवलग मित्रांची नावं आपण एकाच साच्यातून काढतो. ठिपक्या, कबऱ्या, ढवळ्या, पवळ्या, चांद्या. ठिपके असलेला, कबरा, पांढरा, पोवळ्याच्या रंगाचा, कपाळावर चांद असलेला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यातला ‘वाण’ म्हणजे वर्ण, रंग, हे सहसा लक्षात येत नाही. शेजाऱ्याचा रंग लागत नाही, स्वभाव लागतो.

आणि ‘कबरा’? हा शब्द संस्कृत ‘कर्बुर’पासून प्राकृतातून घासत घासत आपल्यापर्यंत आला. म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर युरोपातल्या पंडितांनी यमाचा कुत्रा ग्रीसपर्यंत नेला, तो शब्द इकडे गावोगावी जित्या कुत्र्यांच्या आणि शेरडांच्या अंगावर बिनबोभाट नांदत होता.

मोठ्यांच्या कुत्र्यांची नावं मात्र वेगळ्या घराण्यातली. साताऱ्याजवळ संगम माहुलीला एका कुत्र्याची समाधी दाखवतात. छत्रपती शाहू महाराजांचा हा कुत्रा, खंड्या. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं अशी आठवण सांगितली जाते. रायगडावरचा वाघ्या तर सर्वांना माहीत आहे. त्याचा पुतळा १९३६ सालचा, आणि तो इतिहासातला की कथेतला, यावर आजही वाद पेटतो. वाघ्या हे नाव घेतलं की खंडोबाही येतो. जेजुरीच्या देवासोबत कुत्रा असतो आणि देवाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला त्याचे कुत्रे म्हणवतात. वाघ आणि कुत्रा एकाच नावात राहू शकतात, ही मराठी मनाची जुनी सोय आहे. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला गावठी कुत्रा आपल्याकडे जागोजागी दिसतो. त्याला वाघ्या म्हणणारा माणूस रंगही सांगतो आणि अपेक्षाही.

रोमनांकडेही हीच तऱ्हा होती. कोलुमेलाने सुचवलेल्या मादीच्या नावांत ‘तिग्रिस’ आहे, म्हणजे वाघीण. ओव्हिडच्या काव्यात अ‍ॅक्टिअनला फाडून खाणाऱ्या कुत्र्यांची लांबलचक नामावळी येते, तिच्यात एक ‘स्तिक्ते’ आहे. ग्रीक शब्द. अर्थ, ठिपकी.

ठिपके येतात कुठून

लांडग्याच्या अंगावर करडा, तांबूस, काळा, पांढरट असे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. पण पांढऱ्यावर तपकिरी बेटं, एक कान काळा, तीन पाय मोजे घातल्यासारखे, हे लांडग्यात दिसत नाही. ते पाळीव प्राण्यांत दिसतं. कुत्रा, गाय, घोडा, डुक्कर, मांजर, सगळ्यांत.

रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या बाजूला जन्मतात आणि तिथून पोटाकडे, पायांकडे, तोंडाकडे सरकत जातात. त्या जिथे पोचत नाहीत तिथे केस पांढरे राहतात. म्हणून पांढरे चट्टे बहुधा छातीवर, पंजांवर, शेपटीच्या टोकावर आणि नाकाच्या रेषेवर असतात. वाटेत दमलेल्या पेशींचा तो नकाशा असतो.

१९५९ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ द्मित्री बेल्याएव यांनी सायबेरियात नोव्होसिबिर्स्कजवळ रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. निकष एकच: माणसाला न घाबरणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पुढची पिढी वाढवायची. रंगाकडे बघायचं नाही. काही पिढ्यांतच कोल्हे शेपट्या हलवायला लागले, आणि काहींच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले. यावर आक्षेपही आहेत. हे कोल्हे मुळात फरसाठी कोल्हे पाळणाऱ्या फार्मवरचे होते, तिथे माणसाने आधीच त्यांची निवड केलेली होती, त्यामुळे सगळं श्रेय प्रयोगाला देता येत नाही. पण माणसाच्या सहवासात ठिपके वाढतात एवढं तर आपण कुठल्याही गल्लीत बघतो. जंगलात उठून दिसणारा चट्टा शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. चुलीजवळ राहणाऱ्याला ती भीती नसते.

तेव्हा कबरा रंग ही माणसाशी असलेल्या ओळखीची खूण आहे. हा लांडगा नव्हे, हा आपल्यातला आहे, असं ती दुरून सांगते. कोलुमेलाने नापसंत केलेल्या अंगावर त्याला हवं असलेलं उत्तर लिहिलेलं होतं.

हाड आणि यू-यू

ज्या कुत्र्याला नाव नसतं त्याच्यासाठी आपल्या भाषेत दोनच शब्द आहेत. जवळ बोलवायचं तर ‘यू यू’, हाकलायचं तर ‘हाड’. सरकारी कागदावर तिसरा शब्द असतो: मोकाट, भटका.

मुंबईत कंपनी सरकारने उन्हाळ्याच्या दिवसांत असे कुत्रे मारायचा नियम केला होता. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने पोलीस शिपाई घरांच्या ओट्यांवरचे कुत्रेही सोडत नाहीत, अशी तक्रार होती. ६ जून १८३२ रोजी फोर्ट भागात पारशी जमावाने शिपायांवर हल्ला केला. तो दिवस पारशांना पवित्र होता. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, बाजार बंद, कुलाब्याच्या लष्करी छावणीचा पुरवठा अडला. इतर समाजांचे लोकही सामील झाले. शेवटी लष्कर आणावं लागलं आणि धरपकड झाली. कुत्र्यांना मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावं, अशी मागणी शहरातल्या प्रतिष्ठितांनी केली.

इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणतात. नावातच थोडी थट्टा आहे. पण दंगलीत उतरलेल्यांसाठी तो कुत्रा मोकाट नव्हता. मेल्यानंतर आपल्यावर ज्याची नजर पडायची, तो होता. सरकारला जिथे नुसतं भटकं जनावर दिसत होतं, तिथे शहराला ओळखीचा चेहरा दिसत होता.

सहा वर्षांच्या मुलीने ठेवलेलं नाव

नावाने राजकारण कसं वाचतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९५२ साली रिचर्ड निक्सन उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. समर्थकांनी जमवलेल्या सुमारे १८,००० डॉलरच्या निधीवरून त्यांच्यावर आरोप झाले आणि उमेदवारी जाते की काय, अशी वेळ आली. २३ सप्टेंबरला ते टीव्हीवर आले. घरचा सगळा हिशेब मांडला. मग म्हणाले की एक भेट मात्र आम्ही घेतली. टेक्ससहून कुणीतरी मुलींसाठी एक कॉकर स्पॅनिएल पिल्लू पाठवलं, काळंपांढरं, ठिपक्यांचं. आमच्या सहा वर्षांच्या ट्रिशियाने त्याचं नाव ठेवलं चेकर्स. मुलींचा जीव आहे त्याच्यावर, आणि कुणी काही म्हणो, ते आम्ही परत करणार नाही.

चेकर्स म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पटावरचा खेळ. जवळपास ६ कोटी लोकांनी ते भाषण पाहिलं. पाठिंब्याच्या तारांचा पाऊस पडला, उमेदवारी वाचली, आणि ते भाषण कायमचं ‘चेकर्स भाषण’ झालं. निधीचे तपशील कुणाला आठवत नाहीत, पिल्लाचं नाव आठवतं. निक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९७४ साली वॉटरगेट प्रकरणात राजीनामा देऊन गेले. त्या वेळी सांगायला कुत्र्याचं नाव नव्हतं. चेकर्स दहा वर्षांपूर्वीच वारला होता.

त्याच दशकात सोव्हिएत रशिया मॉस्कोच्या रस्त्यांवरचे कुत्रे उचलून अंतराळात पाठवत होता. भटकेच हवे होते, कारण थंडी आणि उपासमार त्यांना सवयीची. माद्या हव्या होत्या. आणि रंग शक्यतो फिकट हवा होता, कारण कॅमेऱ्यात चांगला दिसतो. १९५७ सालच्या नोव्हेंबरात गेलेली लायका सगळ्यांना माहीत आहे. आधी तिला कुद्र्याव्का म्हणत, म्हणजे कुरळी. लायका म्हणजे भुंकणारी. ती परत येणार नाही हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं.

तिच्यानंतरच्या वर्षी, २७ ऑगस्ट १९५८ रोजी, दोन कुत्र्या रॉकेटमधून सुमारे ४५० किलोमीटर उंचीवर गेल्या आणि जिवंत परत आल्या. एक बेल्यांका. दुसरी प्योस्त्राया. बेल्यांका म्हणजे पांढरी. प्योस्त्राया म्हणजे अनेक रंगांची, कबरी.

शबल.

यमाच्या वाटेवर बसलेल्या कुत्र्याचं नाव, तीन हजार वर्षांनी दुसऱ्या भाषेत, मॉस्कोतल्या कुणा कर्मचाऱ्याने तितक्याच सहज एका भटक्या कुत्रीला दिलं. त्याने वेद वाचले असण्याचं कारण नाही. समोर दोन कुत्र्या होत्या, त्यांतला फरक अंगावर दिसत होता.

नोंदवहीतला रकाना

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावेत, रेबीज झालेले आणि आक्रमक सोडून. प्रकरण पुढेही चालत राहिलं आणि वादही. ज्यांच्या मुलाला चावा बसला त्यांचा राग खरा आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की तो जवळजवळ कुणालाच सोडत नाही, हेही खरं आहे. त्यापुढे वेदांतले दाखले कामाला येत नाहीत.

कामाला येतं ते साधं ज्ञान: आपल्या गल्लीत किती कुत्रे आहेत, कुणाला लस दिली, कुणाची राहिली, कालपासून कोण विचित्र वागतोय. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. पण खाच असलेले चार कुत्रे एकत्र बसले की माणसांना नाव लागतं. वॉचमन म्हणतो तो तांबड्या, चहावाला म्हणतो त्याचा बिस्किट्या, तिसऱ्या मजल्यावरच्या मुली म्हणतात ती ओरिओ. बिस्किट्या, ओरिओ, चॉकलेट, पॅचेस. जुन्या ठिपक्या-कबऱ्याचीच ही नवी पिढी. आताची उपमा गोठ्याऐवजी दुकानातून येते, एवढाच बदल.

एकाच कुत्रीला तीन नावं असली तरी ती तिन्हींना वळून बघते. तेव्हा तुमच्या दारात असं कबरं पिल्लू आलं असेल तर फार शोधाशोध करू नका. दोन अक्षरांचं बघा, शेवटी लांबवता येईल असं. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला विचारा, कारण ते आधी अंगाकडे बघतं. आणि लस द्यायला न्याल तेव्हा तिथल्या पुस्तिकेत ‘नाव’ आणि ‘रंग’ असे दोन रकाने असतील. दोन्हींत एकच शब्द लिहावा लागला तर संकोच करू नका. अथर्ववेदातही तसंच आहे.